शेवटच्या बोटीआधीची यादी

यादी मला वाचता येत होती, हे आधी सांगून टाकते. नाहीतर कुणाला वाटायचं, अडाणी बाई होती, म्हणून फसली. माहेरी माझी चौथी झाली होती आणि अक्षर चांगलं म्हणून मास्तर इतरांना माझी पाटी दाखवत. तरीही रत्नागिरीच्या त्या यादीने मला जेवढं रडवलं तेवढं सासूनेही कधी रडवलं नव्हतं.

सन तीसच्या आगेमागेची गोष्ट. आम्ही माणदेशातली माणसं. ह्यांची कचेरीतली नोकरी, वरून बदलीचा हुकूम आला आणि आंबा घाट उतरून आम्ही चैत्रात रत्नागिरीला आलो. थोरली मुलगी आणि काखेतला धाकटा, सोबत दोन ट्रंका आणि ज्वारीचं एक पोतं. ज्वारी दोन महिन्यांत संपली. मग भात, सकाळी भात, रात्री भात. घर उतारावर, जांभ्याच्या पायऱ्या चढून-उतरून गुडघ्यांचा जीव जायचा, आणि विहीर एवढी खोल की घागर वर येईपर्यंत हात भरून यायचे. त्यात घामाची चिकचिक. तिथल्या बायका म्हणायच्या, "वयनी, सवय होईल." मेलं, सवय व्हायला माणूस शिल्लक तर राहायला हवं!

मुलीला घेऊन मी मुलींच्या शाळेत गेले ती सुट्टी लागायच्या तोंडावर. मुख्य बाईंना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंच, सडसडीत, चष्म्यावरून बघणाऱ्या. माझी मुलगी गावाकडे तिसरी पास झाली होती. बाईंनी दाखला हातात धरला आणि असा दूर केला, जणू त्याला वास येतोय.

"घाटावरच्या खेड्यातली तिसरी," त्या म्हणाल्या, "म्हणजे आमच्याकडची कोणती समजायची?"

मी म्हटलं, "तिसरीच समजा. पाढे तीसपर्यंत येतात तिला. पावकी-निमकीही येते."

"बघू. सुट्टी संपली की सगळं सामान घेऊन या. मी स्वतः परीक्षा घेईन, मग चौथीत बसवायची की दुसरीत ते ठरवीन. आणि सामान पुरतं नसेल तर परीक्षा नाही. आधीच सांगून ठेवते. नंतर सबबी नकोत." असं म्हणून त्यांनी सामानाची यादी माझ्या हातात ठेवली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे सुपारी कातरत बसले होते. अडकित्ता थांबला नाही. म्हणाले, "चौथीत घेतली तर शिकू दे. बारक्या पोरींत नेऊन बसवली तर मात्र घरीच राहू दे. दहा वर्षांची घोडी दुसरीत बसवून गावाला हसायला देऊ नकोस. घरात धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवंच आहे." आणि मान खाली घालून परत सुपारी. मुलगी दाराआड उभी होती. तिने ऐकलं, आणि त्या दिवसापासून ती पाढे म्हणत झोपायची आणि पाढे म्हणत उठायची. मला ते ऐकवत नसे.

यादीत काय होतं? पाटी आणि पेन्सिली, टाक आणि दौत, दोनरेघी वही, कशिद्याचं जाळीचं कापड, रंगीत दोऱ्याची रिळं, बसायला बस्कर, छत्री नाहीतर इरलं. कशिद्याची जाळी म्हणजे काय ते मला उमगेना. आमच्याकडे सुई धरायची ती गोधडीला नाहीतर फाटक्या धोतराला. इरलं तर मी पाहिलंही नव्हतं. घरमालकिणीने पडवीतून आणून दाखवलं, पानांचं विणलेलं, डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. मी हसले. म्हटलं, ह्याच्या आत शिरून पोरगी शाळेत जाणार की शेतात?

ती घरमालकीण, गोरीपान, तोंडाने फटकळ पण मनाने चांगली, त्या दिवसांत आगोट भरत होती. आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी. मीठ, मिरची, कांदे, सुकी मासळी नाही पण पापड-फणसपोळ्या, लाकडं, सगळं घरात येऊन पडत होतं. मला म्हणाली, "काय गो वयनी, तुझं बाजाराचं काय?" मी म्हटलं, "बाजार काय पळून जातोय? लागेल तसं आणीन." आमच्याकडे दर आठवड्याला बाजार भरतो. पाऊस असो-नसो, आणि तो नसतोच, बैलगाडी येते आणि जे हवं ते मिळतं. आणि शाळेचं सामान उन्हाळ्यात कोण घेऊन ठेवतं? पाटी फुटली, वहीला वाळवी लागली, मग? शाळा उघडायच्या आदल्या दिवशी घ्यावं, कोरं करकरीत. माझ्या हुशारीची मलाच मोठी कौतुकं.

शाळा उघडायला चार-दोन दिवस उरले तेव्हा धाकट्याला काखेत मारून मी बाजारात गेले. पाऊस असा, की समोरचं माणूस दिसेना. दुकानदाराने यादी वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"ही यादी कधीची?"

"सुट्टीच्या आधीची."

"मग सुट्टीतच यायचं होतंत. तुम्ही घाटावरच्या काय?"

"घाटावरचे लोक पाट्या घेत नाहीत काय?" मी फणकारले.

तो बिचारा शांतपणे म्हणाला, "तसं नव्हे हो. बोटी बंद झाल्या. हा माल सगळा मुंबईहून बोटीने येतो. शेवटची बोट येऊन गेली की बंदर बंद. ज्यांना हवं होतं त्यांनी तेव्हाच नेलं. आता नारळी पुनव होऊ दे, समुद्र शांत होऊ दे, मग या."

मी म्हटलं, "आणि घाटाने?"

"घाटात दरड आहे. आणि गाडी आलीच तर गूळ-तंबाखू आणील, की तुमच्या मुलीची पाटी?"

दुसरं दुकान पाहिलं, तिसरं पाहिलं. टाकाची दांडी एके ठिकाणी मिळाली, निब नव्हतं. एकाने मला तडा गेलेली पाटी दाखवली, तीही मोठ्या पोरांची, चौकट निखळलेली. माझं लुगडं गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेलं, धाकटा भुकेने टाहो फोडतोय. जो-तो एकच विचारायचा, "आगोट नाही भरलीत?" जळली ती आगोट! कुणी एका शब्दाने सांगितलं असतं की शाळेची पाटीसुद्धा आगोटीत भरायची असते, तर काय बिघडलं असतं? पण सांगणार कोण? ज्यांना जन्मापासून माहीत आहे त्यांना ते सांगण्यासारखं वाटतच नाही.

घरी येऊन चुलीपुढे बसले. ओली लाकडं धुमसत होती. मुलगी म्हणाली, "आई, मिळालं?" मी म्हटलं, "मिळेल." तिने पुन्हा विचारलं नाही. कोपऱ्यात जाऊन एकोणतिसाचा पाढा म्हणायला लागली. मला वाटलं, उठून तिच्या तोंडावर हात ठेवावा.

घरमालकिणीला सगळं सांगितलं तेव्हा ती हातातलं काम टाकून माझ्याजवळ येऊन बसली. मग म्हणाली, "सामान आहे एका घरात. पुरतं. यादीतलं एकूण एक. पण मागायचं कुणी?"

आमच्या वाटेच्या वळणावर एक घर होतं, आवारात रातांब्याचं मोठं झाड. तिथल्या काकूंची एकुलती मुलगी माझ्या मुलीएवढीच, चौथीत जायची होती. वैशाखात शेवटच्या बोटीचा माल आला तेव्हा काकूंनी तिला बाजारात नेऊन सगळं घेऊन दिलं. मग ज्येष्ठात ताप आला. कसला ते वैद्यालाही कळलं नाही. पोर गेली. सामान तसंच घरात.

मी म्हटलं, "असलं काही मला सांगू नका हो."

"नको तर नको," ती म्हणाली. "तुझी मुलगी, तूच ठरव."

खरं सांगते, माझं मन चरकलं. गेलेल्या लेकराची पाटी माझ्या लेकीच्या हातात? आमच्याकडे अशा पोरांच्या वस्तू नदीत सोडतात. आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या आईच्या दारात उभं राहून काय म्हणायचं? तुमची गेली, आता तिचं सामान द्या? तोंड झडेल असं बोलायचं तर. दोन दिवस मी त्या वळणावरून गेलेच नाही. पाण्याला लांबच्या वाटेने जायचे, आणि घागर डोक्यावर घेऊन येताना स्वतःलाच शिव्या द्यायचे.

रविवारी मात्र पाय तिकडे वळले. सोमवारी परीक्षा होती. मी धाकट्याला कडेवर घेतलं, कारण मोकळ्या हाताने जाणं मला जमेना, आणि काकूंच्या ओटीपुढे जाऊन उभी राहिले. पावसात. छत्री उघडी, तोंड बंद.

काकू आतून आल्या. वयाने माझ्याहून फार मोठ्या नव्हत्या, पण केस विंचरलेले नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "घाटावरची ती तूच का? यादी आणलीयेस?"

वाटेवर सगळ्यांना माहीत होतं तर! मी मान हलवली. यादी पदराच्या गाठीत होती, ती सोडून दिली. त्यांनी ती वाचली नाही. नुसती हातात घेतली आणि आत गेल्या. एकेक वस्तू घेऊन यायच्या, माझ्यापुढे ठेवायच्या, परत आत जायच्या. दौत, टाक, वही. जाळीच्या कापडाची घडी. रिळं. त्यांना यादी बघावी लागत नव्हती.

सगळ्यात शेवटी पाटी आणली. नवी कोरी, लाकडी चौकटीला चकाकी. पण एका बाजूला पेन्सिलीने वर 'श्री' काढलेली आणि खाली एक बोट. धुराडं, धूर, पाण्याच्या वळवळत्या रेघा. बोटीवर एक माणूस, त्याला हात चार.

"पाटी आली त्या दिवशी काढलीन," काकू म्हणाल्या. "तिला बोटींचा भारी नाद. शाळेतही हीच बोट नि हाच बोट हाकणारा तांडेल काढायची. मुलीला सांग, ह्या बाजूला लिहू नको. दुसऱ्या बाजूला लिही. तेवढंच."

मी "हो" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मग यादीतलं काय राहिलं ते मलाच आठवलं आणि तोंडातून निघून गेलं, "बस्कर?"

काकूंचा हात दाराच्या कडीवर गेला. "ते राहू दे," म्हणाल्या. "ते मी शिवलंय."

माझी जीभ भाजली असती तर बरं झालं असतं. मी सामान उचललं आणि आले. घरी आल्यावर घोंगडीचा एक तुकडा कापला आणि कडेने टाके घातले. आमच्याकडे पोरं घोंगडीवरच बसतात. ह्यांनी पाटी पाहिली, सगळी हकिकत ऐकली. मला वाटलं, आता चिडतील, घरात नको म्हणतील. ह्यांनी उठून परसातून केळीचं सुकलेलं पान आणलं, बोटीच्या बाजूवर ठेवलं, वरून पुठ्ठा लावला आणि सुतळीने घट्ट बांधलं. मुलीला म्हणाले, "तिरकी धरू नकोस, सरळ ने." एवढंच.

सोमवारी मी मुलीबरोबर शाळेत गेले. धाकट्याला घरमालकिणीने ठेवून घेतलं. तिसरी-चौथीचा वर्ग एकच होता; त्यात शिरायच्या आधीच घोंगडी वाटेत भिजली होती, आणि भिजलेल्या लोकरीचा वास कसा असतो ते माणदेशात कुणाला माहीत असणार? तिथे भिजतंय काय? पोरींनी नाकं दाबली. मागून कुणीतरी "बँ बँ" केलं. सगळा वर्ग फिदीफिदी हसला. माझ्या मुलीचे कान लाल झाले, पण ती सरळ उभी राहिली.

"गप्प!" मोठ्या बाई म्हणाल्या. सामान तपासलं. एकेक वस्तू पाहिली, मान डोलावली. घोंगडीकडे पाहून नाक थोडं मुरडलं, पण बस्कर म्हणून धरली. मग म्हणाल्या, "पाटी घे. ह्या बाजूला शुद्धलेखन. उलट्या बाजूला गणित."

शुद्धलेखन झालं. बाईंनी ते वाचलं, एक चूक काढली. "हं. आता उलट."

मुलगी हलली नाही.

"उलट पाटी. ऐकू येत नाही?"

"त्या बाजूला नाही लिहायचं, बाई."

"का? ती बाजू काय सोवळ्यात आहे?"

पुन्हा हशा. मी दारात उभी होते. अगं कार्टे, मनात म्हटलं, लिही ना! पूस आणि लिही! काकू काय बघायला येणार आहेत? दुसरीत बसवतील आणि उद्यापासून तू घरी धाकट्याची लंगोटी वाळवत बसशील. ओठांवर आलं होतं माझ्या. पण मुलीने पाटी छातीशी धरली नाही, पाठीमागेही लपवली नाही. दोन्ही हातांनी चौकट धरून नुसती उभी राहिली, पाटी सरळ ठेवून, बापाने सांगितलं होतं तशी.

"हट्टी दिसतेस," बाई म्हणाल्या आणि पुढे आल्या. ओलं फडकं हातात. त्यांनी पाटी तिच्या हातातून घेतली, पुठ्ठा आणि पान काढून टाकलं, पाटी उलटी केली, फडकं उचललं.

आणि तसाच हात राहिला.

पुढच्या रांगेतली एक मुलगी मान उंचावून बघायला लागली आणि हळूच शेजारणीला म्हणाली, "चार हातांचा तांडेल." तेव्हा पाटी कुणाची ते सगळ्यांना कळलं. हसणाऱ्यांतलं कुणी हसेना.

बाईंनी फडकं खिडकीत नेऊन ठेवलं. पाटी होती तशी पानाखाली झाकली आणि सुतळी स्वतः बांधली, दोनदा बांधली, कारण पहिल्यांदा गाठ नीट बसली नाही. चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "फळ्यावर ये. गणित फळ्यावर कर."

तिने केलं. भराभर केलं, मोठ्याने पाढे म्हणत, आमच्या माणदेशी हेलात. कुणी "बँ" म्हटलं नाही. तीन गणितं घातली, तिन्ही बरोबर आली. चौथं घालायला बाईंनी खडू उचलला आणि परत ठेवला.

"चौथी," त्या म्हणाल्या. "तिथे बस, खिडकीखाली. जागा रिकामी आहे."

मी शाळेच्या पायरीवर येऊन बसले आणि रडले. आनंदाने म्हणाल तर तसंही नाही. दमले होते. चैत्रापासून जे साठलं होतं ते सगळं आलं, घागरी, भात, ओली लाकडं, सगळं. शिपाई म्हणाला, "बाई, बरं नाही काय?" मी म्हटलं, "बरं आहे. चौथीत घेतलं."

शाळा सुटली तशी आम्ही दोघी निघालो. वळणावर काकू ओटीवर उभ्या होत्या. वाट बघत होत्या हे उघड होतं, पण हातात उगाच एक सूप धरलं होतं, त्यात काही नव्हतं.

"काय झालं?"

"चौथीत," मी म्हटलं.

मुलीने पुठ्ठा सोडून पाटी उलटी करून दाखवली. श्री होती, बोट होती, चार हातांचा माणूस होता. काकूंनी पाहिलं. पाटीला हात लावला नाही.

"कुठं बसवलीन?"

मुलगी म्हणाली, "खिडकीखाली."

काकूंनी सूप खाली ठेवलं. मी मुलीचा हात धरून निघणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "थांब गो," आणि आत गेल्या.

आल्या तेव्हा हातात बस्कर होतं. त्यांच्याच जुन्या लुगड्याचं, हिरवं, बारीक टाक्यांचं, जाड. त्यांनी ते मुलीच्या हातात दिलं आणि तिच्या काखेतली घोंगडी काढून माझ्याकडे दिली.

"तिथे झड येते," म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात रोज सांगायची, आई, खिडकीतून झड येते, मी भिजते. म्हणून ह्या वर्षी दुहेरी शिवलं." मग माझ्याकडे न बघता, मुलीला म्हणाल्या, "भिजलं तर इथंच आणून टाक. मी वाळवीन."